कायद्याची मराठी

मराठी टीकाकाराची दृष्टि काव्य, नाटक आणि कादंबरी यांच्यापलीकडे फारशी जात नाहीं, ही तक्रार जुनी आहे. कादंबरी न वाचतां मनुष्याचा जन्म सुखानें जाऊं शकतो. परंतु एक गद्य असें आहे कीं, जन्माच्या दाखल्यापासून वारसनोंदीपर्यंत तें त्याला वेढून असतें आणि तें टाळून कोणासहि जगतां येत नाहीं. प्रत्येक सुशिक्षित घरांत लोखंडी कपाटाच्या आंतल्या खणांत एक पुडकें असतें. खरेदीखत, सातबाऱ्याचा उतारा, कर्ज फिटल्याची पावती, एखाद्या आजोबाच्या नांवाचा पिवळा पडलेला हुकूमनामा असे कागद त्यांत बांधलेले असतात. घरांतील मंडळी ते जिवापाड जपतात. वाचीत मात्र नाहींत. ज्या घरांत ज्ञानेश्वरींतील अवघड ओवीच्या अर्थावरून दोन तास वाद चालतो, त्याच घरांत 'भोगवटादार' म्हणजे कोण असें विचारलें, तर सर्वजण वकिलाकडे बोट दाखवितात.

हा दोष सर्वस्वीं वाचणाराचा आहे असें आम्ही मानीत नाहीं. कायद्याचें मराठी गद्य हेंहि गद्यच आहे; त्याचे शब्द कोणीतरी निवडलेले आहेत, आणि ते बरे कीं वाईट हें ठरविण्याचा अधिकार मराठी वाचणाऱ्या प्रत्येकास आहे. आजच्या लेखांत आम्ही तेवढेंच करणार आहों.

प्रथम थोडा इतिहास पाहिला पाहिजे, नाहींतर टीका अन्यायाची होईल. आपल्याकडे न्यायाचा शब्द बहुधा परभाषेच्या वाटेनें आला. फिर्याद, वकील, दावा, हुकूम, जामीन, दस्तऐवज, कैफियत ही सारी मंडळी फारसी-अरबी. पण येथें घरें बांधून राहिली आणि आतां त्यांना परकें म्हणणें हास्यास्पद होईल. शिवछत्रपतींनीं रघुनाथपंत हणमंते यांजकडून 'राज्यव्यवहारकोश' करविला, तो यावनी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द बसविण्यासाठीं. त्यांतील कांहीं शब्द रूढ झाले, पुष्कळसे कोशांतच राहिले, आणि पेशव्यांच्या दफ्तरांत फारसी शब्द पूर्ववत् नांदत राहिले. पुढें बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९३१ सालीं 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध करविला. राज्यकारभाराचे शब्द अनेक भारतीय भाषांत शेजारीं शेजारीं मांडून पाहण्याचा तो उद्योग आजहि थक्क करणारा आहे. महाराष्ट्रांत १९६० सालीं भाषा संचालनालय निघालें, १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, आणि १९९८ सालीं जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाची भाषा मात्र संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदान्वयें इंग्रजीच आहे.

याचा परिणाम असा झाला कीं, कायद्याची मराठी एक नाहीं, दोन आहेत. एक कचेरीची मराठी; ती कारकुनांनीं, दस्त लिहिणारांनीं आणि मोफसल वकिलांनीं पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत केली. दुसरी अनुवादकांची मराठी. ती इंग्रजी कलम समोर ठेवून, संस्कृत धातूंना उपसर्ग लावून तयार झाली. पहिली ओळखीची वाटते, म्हणून वाचक तिच्याजवळ सावध राहत नाहीं. दुसरी अनोळखी वाटते, म्हणून वाचक तिच्याजवळ जातच नाहीं.

दुसरीचा विचार आधीं करूं. १८६० सालची भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून गेली व तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आंकडे बदलले. लबाडाला 'चारशेंवीस' म्हणणाऱ्या जनतेस आतां ३१८ व्या कलमाकडे जावें लागेल, पण ती जाणार नाहीं असा आमचा अंदाज आहे. जुन्या संहितेचा जो मराठी पाठ वकिलांच्या व पोलिसांच्या हातीं वर्षानुवर्षें होता, त्यांतील कित्येक शब्द मनापासून प्रशंसा करावी असे आहेत. दुसऱ्याच्या मालमत्तेची बुद्ध्या नासधूस करणें याला त्या पाठांत 'आगळीक' म्हटलें आहे. फसवून माल काढून घेणें ती 'ठकवणूक'. दुसऱ्याचें सोंग घेऊन ठकविलें तर 'तोतयेगिरी'. पेशवाईंतील तोतयाची आठवण ज्या भाषेला आहे तिला याहून नेमका शब्द कोठून मिळणार? दुखापत आणि जबर दुखापत हाहि भेद तसाच सरळ आहे. हाड मोडलें, दांत पडला, डोळा गेला कीं दुखापत 'जबर' होते. पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना झाल्या तरीहि ती जबर ठरे. नव्या संहितेंत हे दिवस पंधरा झाले आहेत.

परंतु त्याच पुस्तकांत 'गैरनिरोध' व 'गैर परिरोध' हे जुळे भाऊ आहेत. एक अमक्या दिशेनें जाऊं न देणें, आणि दुसरा ठराविक हद्दीबाहेर पडूं न देणें. भेद महत्त्वाचा आहे, शिक्षाहि निराळी आहे. पण एका 'परि' उपसर्गावर तो भेद टांगून ठेवला आहे. रस्त्यांत आडवें उभें राहणें ती 'वाट अडविणें', खोलींत घालून कडी लावणें तें 'कोंडून ठेवणें'. शेतावरचा गडीहि हे दोन अपराध कधीं एक समजणार नाहीं. 'निरोध' आणि 'परिरोध' मात्र पदवीधराचेहि घोटाळ्यांत पडतील. 'वाट अडविणें' हा शब्द कायद्याच्या तोलाचा नाहीं असें ज्यास वाटलें असेल, त्याच्या मनांतील तोल कसला होता हें समजत नाहीं. ज्यानें 'आगळीक' शब्द शोधला त्याच्याच लेखणीला येथें काय झालें, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वेळां पडला आहे.

'फौजदारीपात्र न्यासभंग' या शब्दाविषयीं आमचें मत मध्यम आहे. अरबीच्या मुंडक्याला संस्कृताचें धड जोडल्याबद्दल त्याची थट्टा होते. ती आम्हांस मान्य नाहीं, कारण मराठी भाषाच अशा जोडकामानें वाढली. अडचण 'न्यास' या शब्दाची आहे. सामान्य वाचकास न्यास म्हणजे देवस्थानचे विश्वस्त आठवतात. विश्वासानें हातीं दिलेली चीज खाऊन टाकणें हा अर्थ मनांत उभा राहत नाहीं. 'ठेव गिळणें' हें मराठी आहे. न्यासभंग हें भाषांतर आहे.

आतां वृत्तपत्रांनीं बिघडविलेल्या शब्दांकडे वळूं. चोरी, जबरी चोरी आणि दरोडा यांत कायद्यानें पायऱ्या केल्या आहेत. संमतीवांचून लबाडीनें नेली ती चोरी. मारहाण करून किंवा तिची तत्काळ भीति घालून नेली ती जबरी चोरी. आणि तीच पांच किंवा अधिक जणांनीं मिळून केली म्हणजे दरोडा. म्हणून 'एकट्या इसमाचा बँकेवर दरोडा' हें शीर्षक वाचतांना आम्हांस उरलेले चौघे कोठें गेले असा प्रश्न पडतो. हें हंसण्यावारी नेतां येईल. पण 'खून' व 'सदोष मनुष्यवध' यांचा घोटाळा तसा नेतां येत नाहीं. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, परंतु प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. मारणाराच्या मनांत काय होतें आणि त्याला काय माहीत होतें, यावर तो भेद उभा असतो. अचानक भांडणांत, पूर्वतयारीवांचून हात उगारला गेला आणि मनुष्य मेला, तर न्यायाधीश तासन्‌तास त्याच भेदाचा विचार करतो. वृत्तपत्र तो एका ओळींत मिटवितें, आणि मग निकाल लागला म्हणजे 'खुनी सुटला' असें घरोघर बोललें जातें.

येथवर जे शब्द आले ते बहुतेक घरांना परक्याच्या दारीं ऐकूं येणारे. ज्या शब्दांनीं आपल्याच घराचें नुकसान होतें ते कचेरीच्या मराठींतील आहेत, ओळखीचे आहेत, आणि त्यांतच खरी मेख आहे.

'जामीन' घ्या. आज हा शब्द ऐकतांच तुरुंग आठवतो, कारण आरोपीस मोकळें राहूं देण्याच्या हुकुमासहि जामीन म्हणतात. पण जुना जामीन हा मनुष्य होता. दुसऱ्याच्या कर्जाला जो उभा राहतो तो जामीन. तो आजहि आहे. पतसंस्थेच्या कर्जरोख्यावर शेजारच्या, कचेरींतल्या, नात्यांतल्या माणसाच्या सह्या होतात, आणि सही करणारास सांगितलें जातें, "तुमचें नांव नुसतें नांवाला." १८७२ चा करार कायदा असें कांहीं म्हणत नाहीं. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें, करारांत निराळें ठरलें नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीएवढीच असते. आणि धनकोनें आधीं ऋणकोस धुंडाळून, त्याची मालमत्ता विकून, मगच जामिनाकडे यावें अशी सक्ति नाहीं. ऋणको गांव सोडून गेला आणि जामिनाचा पगार ठराविक तारखेस होत असला, तर वसुली कोणाकडून सोपी, हें सांगावयास नको. 'जामीन' शब्दांत हें सारें होतें. आपण तो शब्द केवळ तुरुंगाच्या दाराशीं नेऊन ठेवला आणि त्याचा हा अर्थ विसरलों.

'दरखास्त' या शब्दाचा घोटाळा निराळा आहे. बाहेर तिचा अर्थ अर्ज किंवा सूचना. न्यायालयांत तिचा अर्थ हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज. दावा जिंकला, हुकूमनामा हातीं आला, पेढे वांटले; पण प्रतिवादी जागा सोडीत नाहीं. मग दरखास्त करावी लागते, आणि जागेच्या ताब्याच्या हुकूमनाम्यास त्यासाठीं मुदत बारा वर्षें. कपाटांतील तो आजोबांचा पिवळा हुकूमनामा पुष्कळदां असाच असतो. दाव्याचा निकाल आपल्या बाजूनें झाला एवढें घराण्यांत अभिमानानें सांगितलें जातें. दरखास्त कोणीच केलेली नसते.

'गहाण' आणि 'खरेदी' हे दोन शब्द तर महाराष्ट्राच्या इतिहासांत रक्ताळलेले आहेत. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले आणि पुढें पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत सावकारांच्या दारांत कर्जरोख्यांच्या होळ्या पेटल्या. इतिहासकार त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. आमच्यासारख्या भाषेच्या माणसास त्यांतील ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं लोकांचा राग मुख्यतः कागदावर होता. जो कागद त्यांना वाचतां येत नव्हता व ज्यावर त्यांचा आंगठा होता, तोच कागद ते मागत होते व जाळीत होते. पुढें १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि रोख्यांत काय लिहिलें आहे एवढ्यावर न थांबतां मागील सारा देण्याघेण्याचा इतिहास न्यायालयानें पाहावा अशी तजवीज झाली. म्हणजे कागदावरचा शब्द खोटा असूं शकतो, हें सरकारनेंच मान्य केलें.

तरीहि तो शब्द खोटा ठरविणें सोपें नाहीं. 'मुदतखरेदी' नांवाचा एक व्यवहार आहे. गरजू मनुष्य जमीन विकतो, आणि अमुक मुदतींत रक्कम परत केल्यास जमीन परत मिळावयाची असें ठरतें. त्याच्या मनांत तें गहाण असतें. कागदावर ती खरेदी असते. न्यायालयानें तें गहाण मानावें कीं खरेदी? मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यांत १९२९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें याला एक कठोर कसोटी लावली आहे. परत देण्याची अट त्याच खरेदीखतांत लिहिलेली असली पाहिजे. ती निराळ्या कागदावर असेल तर तें गहाण धरलें जात नाहीं. 'अट दुसऱ्या कागदावर लिहूं, तेंच तें,' असें घेणारा सहज म्हणतो. तें तेंच नसतें. एका कागदाचे दोन झाले कीं गहाणाची खरेदी होते, आणि मुदत टळली कीं जमीन सोडविण्याचा ऋणकोचा हक्क उरत नाहीं.

'साठेखता'बद्दलहि असाच समज आहे. इसार दिला, साठेखत झालें, म्हणजे घर आपलें झालें असें मध्यमवर्गास वाटतें. वर सांगितलेल्या कायद्याचें ५४ वें कलम स्पष्ट म्हणतें कीं, विक्रीच्या करारानें मालमत्तेंत कोणताहि हक्क निर्माण होत नाहीं. हक्क मिळतो तो खरेदीखत नोंदविल्यावर. कुलमुखत्यारपत्र घेऊन घर 'घेतलें' म्हणणारांस सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं हेंच सांगितलें. मुखत्यार हा दुसऱ्याच्या वतीनें वागणारा मनुष्य. शब्दच सांगतो आहे कीं वस्तु दुसऱ्याची आहे.

सातबाऱ्याची गोष्ट आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण ती बहुतेकांस अर्धी माहीत असते. गांव नमुना सात हा अधिकारांचा, बारा हा पिकांचा. दोन मिळून सातबारा. त्यावर 'मालक' हा रकाना शोधून सांपडणार नाहीं. तेथें 'भोगवटादार' आहे. महसूल कोणी द्यावयाचा हें सरकारला कळावें म्हणून ही नोंद. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण तिनें मालकी निर्माण होत नाहीं. 'भोगवटादार वर्ग दोन' असें वाचल्यावर तरी खरेदी करणारानें थांबावें. ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. त्या एका आंकड्यावर किती निवृत्तिवेतनें बुडालीं असतील!

याच कुळांतला नवा शब्द 'नॉमिनी'. त्याचें मराठी 'नामनिर्देशित' असें झालें आहे व तें कोणी उच्चारीत नाहीं. नॉमिनी म्हणजे वारस अशी दृढ समजूत आहे. वस्तुतः तो सामान्यतः पैसे स्वीकारून खऱ्या वारसांसाठीं सांभाळणारा असतो. कंपन्यांच्या शेअरांविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं हेंच पुन्हां सांगितलें. (विम्यापुरता २०१५ च्या दुरुस्तीनें आईबाप, पतिपत्नी व मुलें यांच्यासाठीं निराळा नियम झाला आहे.) येथें चांगल्या मराठी शब्दाची जागा अजून रिकामी आहे. 'ठेवीचा स्वीकारी' असें कांहीं आम्हांस सुचतें, पण तें विशेष बरें नाहीं हें आम्हीं स्वतःच कबूल करतों.

शेवटीं ज्या शब्दासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतों. तो शब्द 'हक्कसोडपत्र'.

हिंदु कुटुंबांतील मुलींच्या हक्काचा कायदा आपल्या डोळ्यांदेखत बदलला. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलीस सहदायाद केलें, पण त्यापूर्वीं विवाह झालेल्यांस वगळलें. २००५ सालीं केंद्राच्या दुरुस्तीनें तें वगळणें गेलें. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, हा हक्क जन्मानें आहे. २००५ सालीं बाप हयात असला पाहिजे अशी अट नाहीं. इतकें झाल्यावर वडिलोपार्जित घर व जमीन यांत बहिणींची नांवें दिसावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत वडिलांचे दिवस होतात न होतात तोंच बहिणींस निरोप जातो. "ताई, सही लागते आहे, तलाठ्यानें मागितली आहे. तूं काय, माहेरींच आहेस; नुसता कागद आहे." ताई येते, सही करते, साडी घेऊन परत जाते.

येथें आमच्या टीकेची दिशा उलटी होते. 'गैर परिरोध' हा वाईट शब्द होता म्हणून कोणास कळत नव्हतें. 'हक्कसोडपत्र' हा उत्कृष्ट शब्द आहे. हक्क, सोड, पत्र. तीन तुकडे, तिन्ही मराठी घरांत रोज उच्चारले जाणारे. कोणी संस्कृतज्ञानें त्याचें 'निर्मुक्तिपत्र' करूं नये अशी आमची आग्रहाची विनंती आहे. तसें झालें तर ताईला आज जें कळूं शकतें तेंहि कळणार नाहीं. इतका स्वच्छ शब्द असूनहि त्याचा अर्थ पोहोंचत नाहीं, कारण घरांत तो शब्द कोणी उच्चारीतच नाहीं. तेथें 'सही' म्हणतात, 'कागद' म्हणतात, 'नोंद' म्हणतात. वारसनोंद ही एक गोष्ट आहे. तिनें बहिणीचें नांव लागतें. हक्कसोड ही दुसरी. तिनें तें जातें. दोन्हींस 'तलाठ्याची सही' असें एकच नांव दिलें कीं भेद नाहींसा होतो. तलाठी — ज्या पदाचें नांव सरकारनें आतां बदललें आहे — वारसाची माहिती व दाखले मागूं शकतो; कोणाचा हक्क सोडवून मागण्याचें त्याचें काम नाहीं.

बहिणीनें समजून, उमजून, भावावरील मायेनें हक्क सोडला तर त्यांत कोणी बोलण्याचें कारण नाहीं. असे सोडणारे हात आम्हीं पाहिले आहेत आणि त्यांपुढें आम्ही नम्र आहों. प्रश्न न समजतां केलेल्या सहीचा आहे. हें पत्र नोंदवावें लागतें. नोंदल्यानंतर तें मोडावयाचें तर फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावें लागतें, आणि तेंहि तें कळल्यापासून तीन वर्षांच्या आंत. शिवाय प्रत्येक हक्कसोडपत्राच्या अखेरीस एक ठरलेलें वाक्य असतें: लिहून देणारानें हें राजीखुषीनें, अक्कलहुशारीनें व कोणाच्याहि दडपणावांचून लिहून दिलें आहे. मराठी गद्यांत याहून जास्त वेळां नकललेलें व याहून कमी वाचलेलें वाक्य क्वचित् असेल. पुढें कधीं वाद न्यायालयांत गेला, तर भावाचा वकील प्रथम त्याच वाक्यावर बोट ठेवतो. तें वाक्य नोंदणीच्या कचेरीबाहेर टंकून आधींच तयार असतें. ताईची गाडी मागाहून येते.